एल तातिओला पहाटे जाण्यापूर्वी
चिलीतील एल तातिओ हे उष्ण फवाऱ्यांचे क्षेत्र सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे आणि तुमचा मुक्काम असेल ते सान पेद्रो दे आताकामा २,४०० मीटरच्या आसपास; त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्याच पहाटे तिकडे निघू नका, आधीचे दोन दिवस तरी चंद्रदरीसारखी कमी उंचीवरची ठिकाणे पाहण्यात घालवा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आदल्या रात्री हलके जेवावे, मद्य टाळावे.

इतक्या लवकर जायचे ते केवळ सूर्योदयाच्या शोभेसाठी नव्हे. पहाटेच्या गोठवणाऱ्या हवेत वाफ लगेच घनीभूत होऊन तिचे उंच स्तंभ दिसतात. ऊन चढले की पाणी तसेच उकळत असूनही ते विरत जातात. या उंचीवर पाणी साधारण ८६ अंश सेल्सिअसला उकळते, मात्र भाजण्यासाठी तेवढे पुरेसे आहे, आणि झऱ्यांभोवतीचे सिलिकाचे कवच पातळ असल्याने छायाचित्राच्या मोहापायी आखलेली वाट कदापि सोडू नये.

जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि पारा उणे दहाच्याही खाली जातो, तेव्हा पुण्याच्या थंडीतला स्वेटर तिथे कामाचा नाही. कॅमेऱ्याची जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. डोकेदुखी वा मळमळ वाढू लागल्यास संकोच न करता वाटाड्याला सांगून खाली उतरावे.