पाच सेकंद आणि एक रेष: थ्रो-इनविषयी वाचकांचे प्रश्न

शालेय बास्केटबॉल सामन्यांचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलतो. या वेळी बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे: मुलांना बाहेरून चेंडू आत टाकायला, म्हणजे थ्रो-इन, नीट शिकवायचं कसं? उत्तरं फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांना धरून दिली आहेत.

आमच्या चौदा वर्षांखालील मुलींनी बेसलाइनवरचे (रिंगमागच्या रेषेवरून चेंडू टाकायचे) सहा प्लॅन पाठ केले आहेत. सरावात सगळे जमतात. सामन्यात मात्र चेंडू हातात आला की मुली एकमेकींकडे बघत राहतात आणि चेंडू टाकायचे पाच सेकंद निघून जातात. काय चुकतंय?
— क्रीडाशिक्षिका, सातारा

सहा प्लॅन, हेच चुकतंय. या वयाला एक मांडणी आणि तिच्यातून निघणाऱ्या दोन चाली पुरतात. मुलीला "कुठे धावायचं" हे आठवावं लागलं, तर "कोण मोकळं आहे" हे बघायला तिच्याकडे वेळच उरत नाही.

चौकोनी मांडणी घ्या. मुलींना १ ते ५ नंबर द्या. १ चेंडू टाकणार. ४ आणि ५ रिंगच्या दोन्ही बाजूंना, रिंगसमोर आखलेल्या चौकटीच्या रेषेला लागून खाली. २ आणि ३ फ्री-थ्रो रेषेच्या दोन टोकांना. ४ आणि २ चेंडूच्या बाजूला, ५ आणि ३ पलीकडे.

१ ने चेंडूवर हात आपटला की आधी २ आणि ५ निघतात. २ चेंडूकडच्या कॉर्नरला जाते. ५ बाहेरच्या बाजूने वळसा घालून थेट वर, थ्री-पॉइंट रेषेच्या मध्याशी. रिंगखाली उभी असलेली ५ ची बचावपटू तिच्यामागे खेचली गेली पाहिजे, नाहीतर पुढचा पास तीच अडवते. मग ४ तिरकी वर जाऊन ३ च्या बचावपटूला स्क्रीन लावते, म्हणजे तिच्या वाटेत स्थिर उभी राहते. ३ स्क्रीनला खांदा घासून रिंगकडे तुटून येते. हा पहिला पास. तो नसेल तर कॉर्नरमधली २. तीही नसेल तर स्क्रीन लावून चेंडूकडे तोंड करून पुढे आलेली ४. अगदीच अडलं तर वरची ५, पण तो लांबचा उंच पास असतो आणि अडवला गेला तर समोरच्यांना सरळ लेअप (रिंगजवळून सोपी बास्केट) मिळतो.

घोटाळा बहुतेक वेळा ३ च्या पायांत असतो. ४ स्क्रीनला पोहोचायच्या आधीच ती पळत सुटते. तिला शिकवा: ४ चे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर दिसले की आधी एक पाऊल उलट्या दिशेला, आणि मग कट, म्हणजे झटक्यात रिंगकडे धाव. त्या एका पावलाने बचावपटू स्क्रीनवर येऊन आदळते. ४ चे पाय हलत राहिले तर मात्र फाउल तिच्यावर. चौकट ४.९ मीटर रुंद आहे आणि फ्री-थ्रो रेषा बेसलाइनपासून ५.८ मीटरवर, त्यामुळे ३ चा तिरका कट साधारण पाच-सहा मीटरांचा होतो. एवढं धावायला वेळ लागतो. म्हणून २ आणि ५ ने पहिल्या सेकंदालाच जागा सोडायला हवी. त्या रेंगाळल्या की पुढचं सगळं उशिरा होतं.

दुसरी चाल याच मांडणीतून. बचावपटू स्क्रीनवर आपापसांत माणसं बदलू लागल्या की ४ ने स्क्रीनला जातेय असं दाखवायचं आणि अर्ध्यातून वळून रिंगकडे यायचं. नवीन काही पाठ करावं लागत नाही.

मुलींच्या मनातली एक भीती मात्र काढून टाका. चेंडू बाहेर असताना चौकटीत उभं राहिलं तर तीन सेकंदांचा नियम (चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही) लागत नाही. घड्याळ सुरू होतं ते चेंडूला आतल्या खेळाडूचा स्पर्श झाल्यावर. उगाच आत-बाहेर करणाऱ्या मुलींमुळेच मांडणी विस्कटते.

चेंडू टाकायला कोणाला उभं करावं? आम्ही सर्वांत लहानखुऱ्या मुलाला पाठवतो, म्हणजे आत उंच मुलं राहतात.
— पालक व सहप्रशिक्षक, नागपूर

असं करू नका. समोर हात वर करून उभ्या बचावपटूच्या पलीकडचं त्याला दिसतच नाही. संघात जो शांत डोक्याने बघतो आणि ज्याचा ओव्हरहेड पास सरळ जातो, तो पाठवा. उंची असली तर उत्तम.

त्याच्याकडून तीन गोष्टी घोटून घ्या. पहिली, पंचांकडून चेंडू घेण्याआधी सगळे जागेवर आहेत का हे बघणं; पाच सेकंद चेंडू हातात आल्यावर मोजले जातात, म्हणून धावत जाऊन तो मागू नये. दुसरी, पासची हूल. वर दाखवून खाली बाउन्स पास द्यायचा किंवा खाली दाखवून डोक्यावरून. हूल देताना नजरही तिकडे गेली पाहिजे. नुसते हात हलवले तर बचावपटू फसत नाही. तिसरी, मनात मोजणं. "तीन" झाले की पहिल्या पासचा नाद सोडायचा.

आणि पास दिल्यावर आत यायचं! हे जवळजवळ प्रत्येक शाळेच्या संघात विसरलं जातं. पास कॉर्नरला गेला की टाकणाऱ्यावरच्या बचावपटूची मान तिकडे वळते. त्याच क्षणी टाकणाऱ्याने त्याच्या पाठीमागून रिंगखाली येऊन हात दाखवला, तर तो त्या मैदानातला सर्वांत मोकळा खेळाडू असतो.

पंचांनी आमच्या मुलाला "पुढे सरकलास" म्हणून चेंडू काढून घेतला. पण बास्केट झाल्यावर तर मुलं बेसलाइनवर धावतात, तेव्हा कोणी काही म्हणत नाही. नेमका नियम काय?
— खेळाडूचे वडील, मिरज

दोन्ही ठिकाणी पंच बरोबर आहेत. समोरच्या संघाने बास्केट केल्यावर चेंडू टाकणारा बेसलाइनमागे हवा तितका आडवा धावू शकतो, बाहेरच उभ्या असलेल्या साथीदाराला पासही देऊ शकतो. मात्र पाच सेकंद पहिल्याच्या हातात चेंडू आल्यापासूनच मोजले जातात. बाकी वेळी, म्हणजे फाउल, ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जादा पावलं) किंवा चेंडू बाहेर गेल्यावर, पंच जागा दाखवतात. तिथून डावी-उजवीकडे मिळून एकूण १ मीटरपेक्षा जास्त सरकता येत नाही. सरळ मागे मात्र जागा असेल तितकं जाता येतं, आणि दबावाखाली तेच करावं: एक पाऊल मागे घेतलं की पास द्यायला कोन मिळतो.

मुलांसाठी दोन शब्द ठरवा: "मोकळा" (रेषेमागे धावता येतं) आणि "बांधलेला" (जागा सोडायची नाही). पंचांनी चेंडू हातात दिला की सगळ्यांनी मोठ्याने "बांधलेला" म्हणायचं. एक अपवाद: बास्केटनंतर लगेच टाइम-आउट झाला आणि चेंडू तिथूनच टाकायचा असेल, तर पंच तो हातात देतात, तरीही तो "मोकळा"च.

टाकताना रेषेवर पाय पडला तर चालतो, कारण रेष मैदानाचा भाग नाही. चेंडू हातात असताना पाय रेषेच्या आत पडायला नको. बास्केटनंतर टाकताना रिंगच्या बोर्डच्या थेट मागे उभं राहू नये. चेंडू बोर्डच्या मागच्या बाजूला लागला की तो बाहेर गेला. आणि लांब फेकलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता पलीकडे बाहेर गेला, तर समोरच्यांना तो पलीकडे मिळत नाही, तुमच्याच टाकण्याच्या जागी मिळतो. रिंगजवळ हे फार महागात पडतं.

आमचं सिमेंटचं मैदान कुंपणाला लागून आहे. बेसलाइनमागे जेमतेम दीड मीटर जागा. बचावपटू नाकाला नाक लावून उभा राहतो.
— क्रीडाशिक्षक, चाळीसगाव

रेषेबाहेर २ मीटरपेक्षा कमी मोकळी जागा असेल, तर बचावपटूने टाकणाऱ्यापासून किमान १ मीटर दूर राहायचं असतं. कर्णधाराने चेंडू घेण्याआधीच पंचांना तसं विनयाने सांगावं. जागा कितीही असली तरी पास सुटेपर्यंत बचावपटूचा हातसुद्धा रेषेपलीकडे यायला नको.

इंटरनेटवर पाहून साइडलाइनचा प्लॅन बसवला. एक खेळाडू मध्यरेषेच्या मागे सुरक्षित पास घ्यायला ठेवला. पंचांनी व्हायोलेशन (नियमभंग) दिलं.
— सतरा वर्षांखालील संघाचा कर्णधार, ठाणे

व्हिडिओ अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचा असावा. तिथे तसा पास चालतो. फिबाच्या नियमात पुढच्या (जिथे आपण बास्केट करतो त्या) अर्ध्या मैदानाच्या बाजूने थ्रो-इन असेल, तर चेंडू मागच्या अर्ध्यात टाकता येत नाही. तुमचा सुरक्षा खेळाडू मध्यरेषेच्या दोन पावलं पुढे ठेवा आणि तिथून चेंडूकडे येत पास घ्यायला लावा. उभ्या जागी थांबून घेतलेला पास सगळ्यांत जास्त कापला जातो.

पी.टी.चा तास ३५ मिनिटांचा, मुलं पंचवीस, रिंग एक. थ्रो-इन कसा बसवू?
— शिक्षक, सावंतवाडी

दहा मिनिटं रोज, पण प्लॅनने सुरुवात नको. आधी तीन-तीनचे गट रिंगविना, कुठल्याही रेषेवर: एक टाकणारा, एक घेणारा, एक बचावपटू. बाकीचे मोठ्याने पाच मोजतात. घेणारा बचावपटूच्या अंगाला भिडून मग सुटतो, दोन्ही हात पुढे करून चेंडूकडे येतो आणि दोन्ही पायांवर थांबतो. एका पायावर झुकत घेतला की पुढच्या क्षणाला ट्रॅव्हलिंग होतं. हे आठवडाभर.

दुसऱ्या आठवड्यात रिंगखाली चौकोन. बचावपटूंशिवाय चालत पाच वेळा, मग धावत पाच वेळा, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या टप्प्यात बचावपटू उभे करा, पण हात पाठीमागे. हात सोडायला परवानगी शेवटी. एक गट खेळताना बाकीच्यांना बेसलाइनबाहेर १ नंबरच्या मागे उभं करा आणि पास सुटण्याआधी "कोण मोकळं?" असं विचारा. बाहेर उभं राहून बघणाऱ्या मुलांना मैदान टाकणाऱ्याच्या नजरेतून दिसू लागतं, आणि पुढच्या फेरीत त्यांच्यातलाच एखादा न सांगता योग्य वेळी कट घेतो.