लोगनची हवा ऑक्टोबरात पाहून ठरवू नका

ताई, तुमची अडचण कळली. यजमानांना युटा स्टेट युनिव्हर्सिटीत काम मिळालंय, लेकीला बालदमा आहे आणि नागपूरचे डॉक्टर म्हणतात, "डोंगरातली हवा आहे, मानवेल." मीही नागपूरच्याच प्रतापनगरची, अमेरिकेतल्या युटा राज्यात, त्या युनिव्हर्सिटीच्या गावी लोगनमध्ये, आठवं वर्ष चालू आहे. डॉक्टरांचं म्हणणं वर्षातले आठ-नऊ महिने अगदी खरं आहे. उरलेल्या महिन्यांचं सांगते.

आम्ही इथलं घर ऑक्टोबरात पाहिलं होतं. निळंशार आभाळ, कापणी झालेली शेतं, अंगणातून पूर्वेचे डोंगर हात लावावेत इतके जवळ. घर दाखवणाऱ्यानं हिवाळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जानेवारीत ते डोंगर नऊ दिवस दिसले नाहीत.

हे खोरं म्हणजे साडेचार हजार फुटांवर ठेवलेली परात समजा. बर्फ पडून आभाळ निवळलं की थंड, जड हवा तळाशी बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, त्यामुळे जमीन तापत नाही आणि झाकण हलत नाही. याला इथं सगळेच 'इन्व्हर्जन' म्हणतात. पुढचं वादळ येईपर्यंत ते टिकतं. एरवी बर्फाच्या वादळाला वैतागणारे आम्ही तेव्हा त्याचीच वाट पाहतो.

एवढ्याशा शेतकरी गावात धूर कुठला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. गोठ्यांमधला अमोनिया आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्यापासून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण हवेतच तयार होतात. कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेसारखे ते बोटाला लागत नाहीत, घशाला लागतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २००९ मध्ये हे खोरं पीएम २.५ ची, म्हणजे अशा बारीक कणांची, मर्यादा ओलांडणाऱ्यांच्या यादीत टाकलं होतं, २०२१ मध्ये त्यातून काढलं. सुधारणा आहे, पण परात तीच आहे.

आकडे पाहताना एक घोळ टाळा. पीएम २.५ जर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्याकडचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १०० दाखवतो, म्हणजे 'समाधानकारक'. तीच हवा इथल्या मोजणीत १५० च्या वर जाते आणि रंग लाल होतो. त्यामुळे नागपूरचा १०० आणि लोगनचा १०० शेजारी ठेवून तुलना करू नका. मायक्रोग्रॅम पाहा.

हिवाळ्यात एक दिलासा आहे. हे कण उबदार घरात आले की बरेचसे विरून जातात. खिडक्या बंद, फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीला, मर्व्ह १३ दर्जाचा बारीक फिल्टर आणि लेकीच्या खोलीत हवा गाळणारं एक हेपा यंत्र, एवढ्यानं भागतं. फारच कोंदटलं तर गाडी काढून लोगन कॅन्यनमधून बीव्हर माउंटनकडे जा. वर लख्ख ऊन असतं आणि खाली राखाडी दह्यासारखा थर दिसतो. घर थोडं चढावर घेतलं म्हणून सुटका होईल, या भरवशावर मात्र जास्त भाडं मोजू नका. बहुतेक वेळा झाकण त्याच्याही वर असतं.

उन्हाळ्याचा धूर वेगळा. जुलैअखेर ते सप्टेंबर, म्हणजे आपल्या पोळ्याच्या आसपास, आयडाहो, ओरेगन, कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर शेकडो मैलांवरून येतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भरदुपारी सूर्य तांबडा दिसत होता. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत म्हणतात तसं 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' मी खिडकीतूनच म्हटलं. हा धूर घरात आला की विरत नाही, आणि आपण नागपूरकर नेमके इथंच फसतो. इथल्या जुन्या घरांना कूलर असतो, 'स्वॅम्प कूलर' म्हणतात. कोरडी हवा असल्यानं तो झकास चालतो. मी पाहिल्यावर हरखले, माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. पण कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. पहिल्या वणव्याच्या मोसमात मी रात्रभर तो लावून झोपले आणि सकाळी उशीसुद्धा जळक्या लाकडासारखी वासत होती. घर पाहाल तेव्हा एसी आहे का, हे आधी विचारा.

वसंतात शेणखताचा वास येतो, पाटाकडेचं गवत जाळतात. त्याचं फार मनावर घेऊ नका.

रुजू होण्याची तारीख मागता आली तर मार्च मागा. लेकीला हिवाळ्याआधी गावाची सवय होईल आणि तुम्हाला डॉक्टर शोधायला वेळ मिळेल. विमा सुरू होईपर्यंत पुरतील इतके दम्याचे पंप (इनहेलर) सोबत आणा, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपलं साल्ब्युटामॉल इथं अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतं. दुकानदारासमोर मी दहा मिनिटं तेच नाव निरनिराळ्या सुरांत म्हणत उभी होते.