नवरा चांगला आहे, तरी मन तिकडेच धावतं

"मॅडम, मी वाईट बाई आहे का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. वय ४१, बँकेत नोकरी, नवरा समजूतदार, मुलगा दहावीत. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. पुरुषही विचारतात, फक्त ते म्हणतात, "डोकं फिरलंय का माझं?"

राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका हौशी संस्थेच्या नाटकात तिला छोटी भूमिका मिळाली होती. एका तालमीनंतर दिग्दर्शक म्हणाला, "तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो हो." एवढंच. तेव्हापासून पाच महिने डोक्यात दुसरं काही नाही. फोडणी करपायची, कॅश टॅली व्हायची नाही, रात्री घर झोपलं की त्याचं 'लास्ट सीन' बघत बसायची. बोलतानाही फोन टेबलावर पालथा होता आणि ४५ मिनिटांत तिनं तो नऊदा उलटून पाहिला.

मी तिला आधी हे सांगितलं की मन ओढलं जाणं हा गुन्हा नाही. ते आपल्या परवानगीनं होत नाही. पुढे काय करायचं, ते मात्र आपल्या हातात असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७० च्या दशकात या अवस्थेला 'लिमरन्स' असं नाव दिलं. शेकडो लोकांशी बोलून त्यांना दिसलं की हे वेड आशा आणि शंका या दोन्हींवर पोसलं जातं. पक्कं 'हो' मिळालं किंवा पक्कं 'नाही', तर ते ओसरू लागतं. हा दिग्दर्शक कधी मेसेजला लगेच उत्तर द्यायचा, कधी चार-चार दिवस गप्प. त्याच्या मनात काही नसेलही, कामात असेल बिचारा. पण तिला त्या चार दिवसांनीच बांधून ठेवलं होतं.

"विचारच करायचा नाही, असं ठरवलं होतं मी," ती म्हणाली. नेमकं तेच उलटतं. दाबलेला विचार जास्त जोरानं वर येतो.

म्हणून तिला एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर तो प्रत्यक्षात जे बोलला ते, शब्दाला शब्द. उजव्या पानावर तिनं त्यातून काढलेला अर्थ. तीन आठवड्यांनी वही आणली तेव्हा डावीकडे अकरा वाक्यं होती, त्यातली सात तालमीच्या वेळेबद्दलची. उजवीकडची पानं मात्र गच्च भरलेली. तिनं वही माझ्यापुढे सरकवली आणि बराच वेळ रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबले. असं काही हातातून निसटतं तेव्हा घाईनं समजूत घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग विचारलं, "याआधी तुमच्या आवाजाबद्दल कोण बोललं होतं?" खूप वेळानं म्हणाली, "शाळेतल्या बाई. आठवीत."

नवऱ्याला सांगावं का, हा तिचा पुढचा प्रश्न. याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. तिच्याकडून विश्वासघात झालेला नव्हता आणि दिग्दर्शकाला यातलं काही माहीतही नव्हतं. तिनं ठरवलं की घरात त्याचं नाव काढायचं नाही, पण आपल्याला काय कमी पडतंय ते बोलायचं. एका रविवारी चहा घेताना नवऱ्याला म्हणाली, "माझं नाटक बघायला तू आलाच नाहीस." तो चपापला. मुलाचा क्लास होता, असं काहीतरी म्हणाला, आणि मग, "चुकलंच माझं."

मेसेज तिनं तालमीच्या ग्रुपपुरते ठेवले. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. झोप नाही, जेवण नाही. मधे एकदा रात्री दोन वाजता 'लास्ट सीन' पाहिलंच आणि दुसऱ्या दिवशी ओशाळून मला सांगितलं. अशी घसरण होतेच, तिची मोजदाद मी ठेवत नाही.

सात महिन्यांनी शेवटची भेट झाली. आता दुसऱ्या संस्थेत मोठी भूमिका करतेय. "आठवण येते अजून," म्हणाली. "पण संवाद विसरत नाही." फोन पर्समध्ये होता, वाजला, तेव्हा तिला आधी पर्स शोधावी लागली.