आई-बाबा दोघांनाही बीपी आहे, मला होणारच का?

होणारच असं नाही, पण तुमची शक्यता इतरांपेक्षा नक्कीच जास्त आहे. एकालाच असता तर थोडी कमी असती. माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकाचा साधारण 30 ते 50 टक्के भाग आनुवंशिक मानला जातो. मात्र यामागे एखादं ठरावीक जनुक नसतं. शेकडो जनुकं असतात आणि त्यातल्या बहुतेकांचा वाटा जेमतेम 1 मिमी (म्हणजे बीपीच्या आकड्यात 1 चा फरक) किंवा त्याहून कमी. म्हणून जनुक-चाचणीवर पैसे घालवू नका, घरातल्यांचा इतिहास डॉक्टरांना नीट सांगा. दोघांपैकी कुणाला तिशीच्या आत, किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे बीपी सुरू झालं असेल तर ते आवर्जून सांगा.

आणि वारसा फक्त रक्तातून येत नाही, ताटातूनही येतो. जेवणात रोज पापड, लोणचं, वरून मीठ, ही सवयही आपण घरातूनच उचलतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून एक चहाचा चमचाही नाही. मला विचाराल तर पहिला बदल इथेच करा, कारण त्याचा फायदा आई-बाबांनाही होईल. वजन, चालणं, तंबाखू, दारू हे आहेच.

त्रास होत नाही म्हणून थांबू नका, बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही. वर्षातून एकदा तरी मोजा: पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा न घेता. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर आलं, तर डॉक्टरांकडे जा. आई-बाबांच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका.