फरशी चकचकीत, तरी घरभर सर्दी

प्रश्न : आमच्या घरी फरशी आणि दारांच्या कड्या रोज जंतुनाशकाने पुसल्या जातात. तरीही एकाला सर्दी-ताप आला, की आठवड्याभरात सगळे आजारी पडतात. हे जंतू नेमके राहतात तरी कुठे?

उत्तर : घरातल्या धुळीत असंख्य सूक्ष्मजीव असतात, पण त्यांतले बहुतेक आपल्याच त्वचेवरून झडलेले किंवा मातीतून आत आलेले असतात आणि निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. सर्दी, फ्लू किंवा गोवराचे विषाणू फरशीवर वाढूच शकत नाहीत, कारण विषाणूला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. ते येतात आजारी माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून आणि खोकल्यातून. मोठे थेंब लगेच खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतली हवा दोन तासांपर्यंत संसर्गजन्य राहू शकते.

या संदर्भात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या अमेरिकी संशोधकांचा प्रयोग आठवतो. 1950 च्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात त्यांनी क्षयरुग्णांच्या खोल्यांतली हवा नळांवाटे वर ठेवलेल्या गिनिपिगांपर्यंत नेली. रुग्णांशी कसलाही संपर्क नसताना त्या प्राण्यांना क्षयाची लागण झाली. ज्या गटाला तीच हवा जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा मारा करून पुरवली, तो गट मात्र वाचला. एवढा स्पष्ट पुरावा हाती असूनही हवेकडे दुर्लक्ष करून फडक्यावरच भर देण्याची आपली सवय सुटलेली नाही. जंतुनाशकाचा वास आला, की मनाला खात्री वाटते, हेही त्याचे एक कारण असावे.

पुसणे निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. नोरोव्हायरससारखे जुलाब-उलट्यांचे विषाणू हातांवाटे आणि पृष्ठभागांवरून सहज पसरतात. तिथे साबणाने हात धुणे आणि शौचालयाची स्वच्छता यांना पर्याय नाही.

तुमच्या घरासाठी मात्र पहिला उपाय खिडक्यांचा आहे. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा आरपार वाहू द्यावी, रुग्णाला शक्यतो वेगळ्या खोलीत झोपवावे आणि त्याच्याजवळ बसताना दोघांनीही मास्क वापरावा. लक्षणे दिसण्याआधीच काही विषाणू पसरू लागतात, त्यामुळे लागण पूर्णपणे टळेलच असे नाही. खिडक्या उघडणे शक्य नसेल, तर हेपा गाळणी (हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारी दाट गाळणी) असलेले हवाशुद्धी यंत्र उपयोगी पडते. हवा किती खेळते, याचा अंदाज कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने घेता येतो : बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे 420 भाग असते आणि माणसांनी भरलेल्या खोलीत ते 1000 च्या बरेच वर गेले, तर आपण एकमेकांचाच उच्छ्वास पुन्हा आत घेत आहोत, असे समजावे. हेपा गाळणी कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. त्यामुळे यंत्र चालू असताना आकडा चढलेला दिसला, तरी कण गाळले जात नाहीत, असा निष्कर्ष काढू नये.