कॅनडातला पहिला हिवाळा आणि घरातली हवा

सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असेल, तर आधी ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) बंद करा. बाहेर उणे २० असताना घरात ३० टक्के आर्द्रता पुरे. ती ४५ वर नेलीत की चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीच म्हणून समजा. स्वस्तातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्या, अंदाजावर जाऊ नका.

फोडणीचा ठसका घरभर पसरतो, कारण बऱ्याच अपार्टमेंटमधली चिमणी हवा बाहेर टाकतच नाही. कोळशाच्या फिल्टरमधून गाळून तीच परत खोलीत सोडते. वास जरा कमी होतो, वाफ तशीच राहते. मग खिडकी पाच मिनिटं सताड उघडा; दिवसभर फट ठेवण्यापेक्षा हे बरं, भिंती गार पडत नाहीत. चिमणीची नळी बाहेर जात असेल, तर तळण मागच्या बर्नरवर करा आणि पंखा नंतरही १५ मिनिटं चालू ठेवा.

फर्नेस म्हणजे घर तापवणारी भट्टी. तिचा फिल्टर मर्व्ह (फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा) ८ ते ११ चा घ्या, त्यावरचा बाण फर्नेसकडे ठेवा. एक इंची मर्व्ह १३ जुन्या फर्नेसचा श्वास कोंडतो. आतलं तापमान वाढून ती मधेच बंद पडते.

तळघरात कुणी झोपतं? मग रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) हिवाळ्यातच, सलग ३ महिने मोजा. घनमीटरला २०० बेकरेलच्या वर आकडा आला, तर रेडॉन कमी करणारा प्रमाणित कंत्राटदार बोलवा.