बोझमनला घर घ्यायचं म्हणतोस, तर प्रॉपर्टी टॅक्सचं ऐक

अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या बोझमनची नोकरीची ऑफर आलीय, घर घेतलं तर टॅक्स किती आणि बिलात तो युनिव्हर्सिटीचा कर कसला, असं विचारलंयस. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही.

त्या युनिव्हर्सिटीच्या कराचं नाव सिक्स मिल लेव्ही, मिल म्हणजे हजाराला एक. करपात्र किमतीच्या हजार डॉलरला ६ डॉलर, आणि करपात्र किंमत म्हणजे बाजारभावाचा छोटासा हिस्सा. २०१८ च्या दराने १ लाख डॉलरच्या घराला वर्षाला ८ डॉलरच्या आसपास पडायचे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पण गंमत पुढेच आहे, हा कर सरकार आपल्या मनाने लावत नाही, मॉन्टानाचे मतदार दर दहा वर्षांनी मत देऊन तो चालू ठेवतात, १९४८ पासून ६ मिलच. २०१८ ला एलआर-१२८ या नावाचा प्रस्ताव म्हणून मतपत्रिकेवर आला आणि साठ टक्क्यांहून जास्त मतांनी पास झाला. तेव्हा त्यातून वर्षाला साधारण २ कोटी डॉलर जमायचे, मिसूलाची युनिव्हर्सिटी, इथली मॉन्टाना स्टेट, सगळ्यांसाठी. पुण्यात घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर असतोच, पण तो हवा का नको हे माझ्या वडिलांना कधी कोणी विचारलं नाही.

आणि इथे विचारतात, तर मला नाही विचारत. एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना आणि एच-फोर म्हणजे त्यांच्या नवरा-बायको-मुलांच्या व्हिसावाल्यांना मत नाही, कर मात्र पूर्ण. शेजारचे रिटायर्ड गृहस्थ २०१८ च्या मतदानाच्या वेळी म्हणाले, मी विरोधात मत देणार, पेन्शन तेवढीच आणि घराचं व्हॅल्युएशन चढतंय. त्यांचंही खोटं नव्हतं रे, इथे सेल्स टॅक्स नाही म्हणून घराच्या बिलाकडे लोकांचं बारीक लक्ष असतं. मला सांगायचं होतं की काका, याच कॉलेजात माझी लेक जाणार आहे, पण बोलले नाही, हक्क काय माझा असं वाटलं. अजून वाटतं.

लेकीचं तर विचारू नकोस. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली म्हणून शाळेने तिला वर्षभर वेगळ्या इंग्रजीच्या वर्गात बसवलं, पुण्यात इंग्रजी मीडियममध्ये शिकलेल्या पोरीला! मीटिंगा झाल्या, मेल झाले, टेस्ट परत घ्या म्हटलं तर पुढच्या टर्मला बघू. तिला आता आठवतही नाही, माझा मात्र राग जात नाही.

एकटेपणा म्हणशील तर असतो, गणपतीत जास्त. होते सवय.

कॉलेजच्या फीचं मात्र आधी बघ. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागायला सलग बारा महिने इथे राहिल्याचं दाखवावं लागतं, नुसत्या टॅक्सच्या पावतीवर भागत नाही. तुमच्या व्हिसावर ती मिळेल का हे युनिव्हर्सिटीकडून लेखी घे, तोंडी सांगतील त्यावर जाऊ नकोस. आणि तुझा मुलगा एकवीसचा झाला की एच-फोर संपतो, ग्रीन कार्डची आपली रांग तुला माहितीय, तेव्हा त्याचं वय किती आहे ते मला सांग, घराचं नंतर बोलू.